चढणीचे मासे

रेयूनियों बेटावरच्या पिवळ्या बसमधून उतरायचं असलं की टाळी वाजवतात. आपला थांबा जवळ आला की दोन्ही हातांनी एक खणखणीत टाळी, आणि ड्रायव्हर गाडी कडेला घेतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर २०२३चा पहिला आठवडा होता. पुण्यात सहा वर्षं घोटलेल्या फ्रेंचमध्ये, अगदी व्याकरणशुद्ध वाक्यात, मला इथे उतरायचं आहे असं मी म्हटलं. गाडीतल्या गलक्यात ते कुणाच्या कानावर गेलं नाही. एक थांबा मागे पडला, दुसरा मागे पडला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मांडीवरची भाजीची पिशवी खाली ठेवली आणि माझ्यासाठी टाळी वाजवली. मी उतरत असताना त्या काहीतरी म्हणाल्या. ऐकायला फ्रेंचसारखं होतं, पण फ्रेंच नव्हतं. एक शब्द कळला नाही.

दोन थांबे मागे चालत आले. दोन्ही बाजूंना डोक्याच्याही वर गेलेला ऊस, वाऱ्याने सळसळणारा. तोडणीचा हंगाम होता. ऊस भरलेले अवजड ट्रक शेजारून धडधडत जात होते. त्या ट्रकना तिथे 'काशालो' म्हणतात, म्हणजे मोठ्या दातांचा देवमासा. ते ब्वा-रूजच्या साखर कारखान्याकडे निघालेले. हवेत मळीचा वास. डोळे मिटले असते तर मी सांगली-कोल्हापूरकडे कुठेतरी आहे असंच वाटलं असतं, फक्त वाऱ्याला समुद्राचा खारेपणा होता.

मी मूळची कुडाळ तालुक्यातली. बारावीनंतर पुण्याला गेले, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, आणि तिथेच या योजनेबद्दल कळलं. फ्रान्समध्ये १९०५ सालापासून परदेशी तरुणांना भाषा-सहायक म्हणून शाळांत नेमतात. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असे ७ महिने, आठवड्याला १२ तास. शिकवायचं ते इंग्रजी. व्याकरण, परीक्षा, गुण हा शिक्षकांचा प्रांत. सहायकाने आठ-दहा मुलांचा गट घेऊन वेगळ्या खोलीत बसायचं आणि मुलांना बोलतं करायचं. बोलतं करणं एवढंच काम. कागदावर फार सोपं दिसतं ते.

रेयूनियों १९४६ पासून फ्रान्सचा जिल्हा आहे. चलन युरो, टपालपेट्या पिवळ्या, शाळेच्या दारावर तिरंगी झेंडा आणि स्वातंत्र्य-समता-बंधुता. पण बेट हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. घड्याळ भारताच्या दीड तास मागे. संध्याकाळी सातला मी फोन करायचे तेव्हा घरी साडेआठ झालेले असायचे आणि आई जेवणं उरकून ओट्यापाशी असायची. "जेवलंस काय गो?" हा तिचा पहिला प्रश्न. "हो आई, जेवले," हे माझं उत्तर. आई मालवणीत विचारते, मी पुस्तकी मराठीत उत्तर देते, हे आमच्यात इतकी वर्षं चाललेलं होतं की दोघींनाही त्यात काही वेगळं जाणवत नव्हतं.

पहिले दोन महिने कागदपत्रांत गेले. पगारासाठी बँकेत खातं हवं, खात्यासाठी पत्त्याचा पुरावा हवा, पुराव्याचं वीजबिल घरमालकिणीच्या नावावर. यावर फार लिहीत नाही. परदेशात राहिलेल्या प्रत्येकाकडे ही गोष्ट असते. घरमालकीण सत्तरीच्या होत्या. गल्लीतली सगळी पोरं त्यांना 'मेमे' म्हणत, म्हणजे आजी. आठवडाभरात मीही म्हणू लागले. त्यांच्याच घरामागच्या एका खोलीत मी राहत होते.

माझी नेमणूक सँ-आंद्रेला, बेटाच्या पूर्वेकडच्या पावसाळी बाजूला. शाळेत अकरा ते पंधरा वयाची मुलं. पहिल्याच तासाला त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. आधीची सहायक स्कॉटलंडची होती म्हणे. आता पुढ्यात उभी असलेली बाई त्यांच्याच मावशी-आत्यासारखी दिसत होती. एका मुलीने धीर करून विचारलंच, "मादाम, तुम्ही मालबार आहात?"

या शब्दाचा उलगडा मला हळूहळू होत गेला. बेटावर २० डिसेंबर १८४८ रोजी गुलामगिरी संपली, ६० हजारांहून अधिक माणसं मोकळी झाली. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. मग भारतातून करारावर माणसं आणली गेली, लाखभर तरी, बहुतेक पुदुच्चेरी, कारैकाल, मद्रास या बाजूची. छळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८२ साली ब्रिटिशांनी ही भरती थांबवली. त्या मजुरांच्या वंशजांना मालबार म्हणतात. मलबार किनाऱ्याशी त्यातल्या बहुतेकांचा काही संबंध नाही. ज्यांनी त्यांना मोजलं त्यांना तो फरक महत्त्वाचा वाटला नाही, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. माझ्या हजेरीपटावर निम्मी आडनावं तमिळ होती, फ्रेंच वर्णलेखनात मोडतोड झालेली. सँ-आंद्रेत समुद्राकाठी रंगीत गोपुराचं मोठं देऊळ आहे. मुलं तिथे उपास करतात, घरचे लोक निखाऱ्यांवरून चालतात, दिवाळीला गावातून मिरवणूक निघते. पण तमिळ फारसं कुणाला बोलता येत नाही. मंत्र फ्रेंच अक्षरांत लिहून पाठ केलेले असतात.

मग ते बोलतात काय? क्रेओल. त्या म्हाताऱ्या बाई बसमध्ये बोलल्या ती भाषा.

सतराव्या शतकापर्यंत या बेटावर माणसाची कायमची वस्तीच नव्हती. फ्रेंच आले, मादागास्करची माणसं आली, आफ्रिकेतून गुलाम आणले, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडून, गोवा-सुरतेच्या बाजूने, काही इंडो-पोर्तुगीज स्त्रियाही आल्या आणि पहिल्या वसाहतवाल्यांच्या बायका झाल्या. बेटावरच्या कित्येक जुन्या घराण्यांच्या मुळाशी या बायका आहेत. या सगळ्यांनी मिळून एकमेकांशी बोलायला जी भाषा केली ती क्रेओल. ऊस बाहेरून आला, व्हॅनिला बाहेरून आली, देव बाहेरून आले. भाषा मात्र त्या मातीत उगवली. २००० साली फ्रान्सने तिला प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली. शाळेत ऐच्छिक विषय म्हणून ती घेताही येते. तरी माझ्या वर्गातला एक मुलगा मला अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मादाम, क्रेओल ही भाषा नाही. ते नुसतं असंच आहे."

नुसतं असंच. हे वाक्य मी त्या दिवशी खोलीवर घेऊन आले.

मी चौथीत असताना शाळेत नव्या बाई आल्या होत्या. सोमवारी त्यांनी विचारलं, काल रविवारी कोण कुठे गेलं होतं? मी हात वर केला आणि म्हटलं, "मी आजयेक बघूक गेल्लंय." बाई रागावल्या नाहीत. त्या हसल्या, आणि मग वर्ग हसला. ज्यांच्या घरी हेच बोललं जात होतं ती मुलंही हसली. बाईंनी फळ्यावर लिहिलं: मी आजीला भेटायला गेले होते. मला ते पाच वेळा म्हणायला लावलं. बाई वाईट नव्हत्या. आम्ही पुढे जावं असंच त्यांना वाटत असणार. पण त्यानंतर वर्गात हात वर करण्याआधी मी वाक्य मनात एकदा धुऊन घ्यायला लागले. पुण्याला गेल्यावर तर मालवणी पूर्ण घडी घालून ठेवली. फ्रेंच मला इतकी आवडली याचं एक कारण मला आता कळतं. फ्रेंच बोलताना मी कुडाळची आहे हे कुणाला ऐकू येत नव्हतं. वर्गातल्या डेक्कनच्या मुलीला आणि मला ती सारखीच परकी होती.

बारा-तेरा वर्षांच्या गटात एक मुलगा होता, मागच्या बाकावर, खिडकीला टेकून बसणारा. सहा आठवड्यांत त्याच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नव्हतं. तुझं नाव काय, एवढ्यालाही तो वही उलटी करून नाव दाखवायचा. शिक्षककक्षात मी त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा कुणीतरी कॉफी ओतता ओतता म्हणालं, "त्याला आधी फ्रेंच तरी धड येऊ दे." म्हणजे इंग्रजीची माझी पायरी त्यानंतरची. मुलगा दोन पायऱ्या खाली उभा आहे आणि मी वरून हाक मारते आहे, असं ते चित्र होतं.

एका दुपारी मी बसमध्ये होते आणि मागच्या सीटवरून हसण्याचा गदारोळ ऐकू आला. कुणीतरी गोष्ट सांगत होतं. आवाज चढत होता, थांबत होता, म्हाताऱ्याची नक्कल करत होता, पाण्यात कुणीतरी धपकन पडल्याचा आवाज काढत होता. सगळी पोरं पोट धरून हसत होती. मी वळून पाहिलं, तर तो माझा मागच्या बाकावरचा मुलगा. आमची नजरानजर झाली आणि तो गप्प झाला. असा गप्प झाला की मला माझीच लाज वाटली. मी तोंड वळवलं. थोड्या वेळाने त्याने टाळी वाजवली आणि तो उतरला.

गोष्टीतला एकच शब्द मी पकडला होता: बिशिक.

मेमेंना विचारलं. त्या भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या भाजीबद्दल आधी सांगते, कारण मेमेंशी माझं नातं भाजीवरून जुळलं. पहिल्यांदा मंडईत गेले आणि पालेभाज्यांच्या जुड्या पाहून मला भरून आलं होतं. पालेभाजीला तिथे 'ब्रेद' म्हणतात. ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला. ब्रेद सोंज म्हणजे चक्क अळू. पिपांगाय म्हणजे आपलं शिराळं. कढीपत्त्याला 'कालुपिले' म्हणतात आणि कोथिंबिरीला 'कोतोमिली', हे दोन्ही शब्द तमिळमधून आलेले. तमिळ बोलणारं फारसं कुणी उरलं नाही, पण फोडणीतले शब्द टिकले. हळदीला म्हणतात 'साफ्रां पेई', म्हणजे गावठी केशर. भात रोजचा, त्यावर उसळीसारखं कडधान्य, शेजारी 'कारी' म्हणजे रस्सा, आणि तोंडी लावायला 'रुगाय', म्हणजे टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी. मी पहिल्यांदा हाताने जेवायला बसले तेव्हा मेमेंनी आपला काटा बाजूला ठेवला.

तर बिशिक. मेमेंनी अंगठ्याने करंगळीचं पेर दाखवलं. एवढे मासे. पूर्वेकडच्या नद्यांच्या मुखाशी, रिव्हिएर द्यु मा नदीवर, पावसाळ्याच्या महिन्यांत झुंडीने येतात. या माशांची अंडी नदीत फुटतात, पिल्लं जन्मतःच प्रवाहाबरोबर समुद्रात वाहून जातात, काही महिने तिथे वाढतात आणि मग हजारोंनी नदीच्या तोंडाशी येऊन उलट्या प्रवाहात वर चढू लागतात. त्या वेळी लोक त्यांना धरतात. किलोला जो भाव मिळतो तो ऐकून मी दोनदा विचारलं.

मला आमचा व्हाळ दिसला. पहिला पाऊस पडला की कुडाळकडे चढणीचे मासे धरायला अख्खा गाव व्हाळात उतरतो. बाबा बॅटरी घेऊन रात्री जायचे. मी काठावर उभी असायचे, मुलीने पाण्यात उतरायचं नाही म्हणून. गढूळ पाण्यातून उलटे उसळणारे मासे, अंगावर पाऊस, आणि सगळ्यांचा ओरडा: "हंयसून! हंयसून इलो बघ!"

पुढच्या तासाला मी ठरवलेला पाठ बाजूला ठेवला. फळ्यावर एक वाकडीतिकडी नदी काढली, एका टोकाला समुद्र काढला आणि मुलांना सोप्या इंग्रजीत सांगू लागले. माझं गाव. पहिला पाऊस. रात्र. मासे वर चढतात. बाबांकडे काड्यांची निमुळती टोपली असते, ती पाण्यात लावतात. मी टोपलीही काढली. टोपलीला ते लोक 'वूव्ह' म्हणतात हे मेमेंनी शिकवलं होतं, तोही शब्द शेजारी लिहिला.

मागच्या बाकावर हालचाल झाली. तो मुलगा उठला, सरळ फळ्यापाशी आला, माझ्या हातातून मार्कर घेतला आणि मी काढलेली टोपली तळहाताने पुसून टाकली. मग उलटी काढली. तोंड समुद्राकडे, शेपूट डोंगराकडे. आणि माझ्याकडे न बघता, फळ्याकडे बघत म्हणाला: "फिश नो गो डाऊन. फिश गो अप."

बरोबरच होतं. टोपलीचं तोंड मासा येतो त्या बाजूला हवं. मी काठावर उभी राहून पाहिलेलं, त्याने पाण्यात उतरून केलेलं. सहा आठवड्यांनी उच्चारलेली त्याची पहिली दोन वाक्यं इंग्रजी होती, आणि त्यात मी काही म्हणजे काही दुरुस्त केलं नाही.

मग तो थांबला नाही. टोपलीच्या दोन्ही अंगांना त्याने दगडांच्या ओळी काढल्या, पाण्याला वाट करून देणाऱ्या. शब्द अडला की क्रेओलमध्ये म्हणायचा, बाकीची मुलं ओरडून इंग्रजी शब्द शोधायची, कुणालाच सापडला नाही तर मी सांगायचे. गोटा, वाळू, जाळी, अमावास्या, ओहोटी, काका. काका घसरून पाण्यात पडला ती बसमधली गोष्टही इंग्रजीत झाली, धपकन आवाजासकट. पूर्ण तासात फ्रेंच शब्द कुणी वापरला असेल तर तो मीच.

यातून त्याचं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. मोठ्या वर्गात तो पुढेही गप्पच असायचा. तिमाहीचे गुण होते तसेच आले. पण माझ्या खोलीत यायचा तेव्हा खिडकीजवळची जागा सोडून पुढे बसायचा. आणि मी एक नियम केला: इथे क्रेओल चालेल. पहिल्या दिवशी मुलांना ते खरं वाटलं नाही. काही जण तर दचकून दाराकडे बघायचे. हळूहळू आमची पद्धत बसली. आधी घरच्या भाषेत सांगायचं, मग इंग्रजीत. मधल्या पायरीला हात लावायचा नाही. ते मला शिकवायचे, मी त्यांना. 'मी कोन्ये पा', मला ठाऊक नाही. 'उसा उ सावा?', कुठे निघालीस? कसं चाललंय याला उत्तर 'ले ला', म्हणजे आहे, इथे आहे. या शेवटच्या उत्तरावर माझं फार प्रेम बसलं. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, "आसय मगे", अगदी तसं.

डिसेंबरच्या आधी मेमेंच्या परसात व्हॅनिलाचा वेल फुलला. फिकट हिरवट पिवळी फुलं, एकेक फूल एकाच सकाळपुरतं. दुपारपर्यंत मान टाकतं. त्या फुलाला फळ धरायला लावणारी मेक्सिकोतली माशी या बेटावर नाही, म्हणून प्रत्येक फूल माणसाच्या हाताने फळवावं लागतं. याला तिथे 'लग्न लावणं' म्हणतात. मेमेंनी काटकीच्या बारीक टोकाने पाकळी फाडली, आतला नाजूक पडदा वर उचलला, आणि अंगठ्याने परागांचा ठिपका अलगद दाबला. दोन-तीन सेकंदांचं काम. मला शंभरदा करूनही जमलं नाही. शेंग पिकायला मग नऊ महिने.

ही रीत शोधली ती शेजारच्या सँत-स्युझानमधल्या एदमों नावाच्या गुलाम मुलाने, १८४१ साली. तेव्हा तो १२ वर्षांचा होता. तज्ज्ञांना जे व्यवहारात आणता आलं नव्हतं ते त्याने काडी आणि अंगठा यांनी केलं, आणि व्हॅनिलाच्या व्यापाराने या बेटावर पैशाचा पाऊस पडला. गुलामगिरी संपल्यावर त्याला अल्बियुस हे आडनाव मिळालं. बाकी काही मिळालं नाही. १८८० साली तो गरिबीतच वारला. मी ही गोष्ट मुलांना इंग्रजीत सांगितली तेव्हा एकाने विचारलं, "तो कुठली भाषा बोलायचा?" वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग 'ते नुसतं असंच आहे' म्हणणारा तोच मुलगा हळूच म्हणाला, "क्रेओल, बहुतेक."

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत तिथली उन्हाळी सुट्टी. लिचीचे घोस, गुलमोहर पेटलेला, आणि २० डिसेंबरला रात्रभर मालोया. गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेलं हे गाणं कित्येक वर्षं दडपलेलं होतं. २००९ साली युनेस्कोने ते अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. 'कायांब' नावाचं वाद्य त्यात वाजतं, उसाच्या तुऱ्यांच्या काड्यांची चपटी पेटी आणि आत बिया. दोन्ही हातांत आडवं धरून हलवायचं. समुद्राची लाट खडीवरून मागे सरकते ना, तसा आवाज. गाणारा एक ओळ म्हणतो, बाकीचे झेलतात. मी भजनाच्या माजघरात वाढलेली बाई. दुसऱ्या ओळीला माझा आवाज आपोआप त्यात मिसळला.

सुट्टीतच बेलाल चक्रीवादळ आलं. १५ जानेवारी २०२४. वादळाच्या इशाऱ्याचे रंग असतात: पिवळा, केशरी, लाल, आणि सगळ्यात वरचा जांभळा. जांभळा म्हणजे घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही, मदतीला येणाऱ्यांनीही नाही. पहाटे जांभळा लागला. मेमे आणि मी त्यांच्या मधल्या खोलीत बसलो, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, बादल्या भरलेल्या, वीज गेलेली. वारा छपराखाली हात घालून ते उचलायला बघत होता. एक बॅटरीचा रेडिओ तेवढा चालू. अधिकारी फ्रेंचमध्ये सूचना वाचत होते. मध्येच लोक फोन करत. या बेटावर एका रेडिओ केंद्राला लोक दिवसरात्र फोन करून आपलं म्हणणं सांगतात. आमच्याकडे आंब्याचं झाड पडलं. आमचं पत्रं गेलं. माझी आई पलीकडच्या घरात एकटी आहे, कुणी जवळ असाल तर हाक मारा. सगळं क्रेओलमध्ये. माझ्या लक्षात आलं की फ्रेंच सूचनांच्या वेळी माझं मन वाऱ्याकडे जातं आणि क्रेओल सुरू झालं की कान टवकारतात. मला सगळं कळत होतं. ऑक्टोबरमध्ये ज्या भाषेतला एक शब्द कळला नव्हता, तिच्यात त्या अंधारात मला धीर मिळत होता. बेटावर त्या वादळात माणसं गेली. आमचं फक्त शेवग्याचं झाड गेलं.

मार्चमध्ये पुन्हा थोडी सुट्टी मिळाली तेव्हा मी मॉरिशसला जाऊन आले. सव्वादोनशे किलोमीटर, विमान वर चढतं न चढतं तोच उतरतं. तिथे मराठी समाज आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून, कोकणातून गेलेल्या मजुरांचा. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकता येते, आणि आपली जाखडी 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. एका देवळात एक आजी भेटल्या. गणपतीची आरती त्यांनी एकही शब्द न चुकता म्हटली, माझ्यापेक्षा स्वच्छ. नंतर मी मराठीत बोलायला लागले तर हसून मान हलवली. पुढचा तासभर आम्ही बोललो, त्या मॉरिशसच्या क्रेओलमध्ये, मी रेयूनियोंच्या. कोकणातल्या दोन बायका, समोर मोदकांचं ताट, आणि मध्ये उसाच्या मळ्यात जन्मलेली भाषा. त्या आजींना कुठल्याच गोष्टीची उणीव भासत नव्हती. रडू मला येत होतं.

एक गोष्ट मागे राहिली. ती फेब्रुवारीतली.

शाळा सुटल्यावर तो मुलगा फाटकापाशी थांबला होता. हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा, वर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. "फॉर यू. फ्रॉम माय अंकल," म्हणाला, आणि मी काही म्हणायच्या आत पळाला. डब्यात बिशिक होते. काचेसारखे पारदर्शक, काळ्या ठिपक्याएवढे डोळे. मेमेंनी ते हातात घेऊन वास घेतला आणि पहाटेचेच आहेत म्हणाल्या. चुलीवर कढई चढली.

संध्याकाळी सातला फोन लावला.

"जेवलंस काय गो?"

"जेवलंय," मी म्हटलं. "आये, हंय पण चढणीचे मासे गावतत."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मी तिला सगळं सांगितलं. नदीचं मुख, दगडांच्या ओळी, टोपलीचं तोंड समुद्राकडे. शब्द आठवावे लागत होते, काही चुकत होते, पण येत होते. आई मध्ये एक अक्षर बोलली नाही. मी दमून थांबले तेव्हा तिने विचारलं, "मगे केलात कशे?"

"कांदो, टोमॅटो, आला, लसूण. हळद."

"आणि सोलां?"